बी.कॉम. झालं, अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीआधी काय शिकायचं

मंगळवेढ्याहून बी.कॉम. करून मी पुण्यात आले तेव्हा माझ्या फाइलमध्ये पदवी होती, एमएस-सीआयटी होतं आणि टॅलीच्या क्लासचं प्रमाणपत्र होतं. तीन मुलाखतींतून हात हलवत परत आले. चौथ्या ठिकाणी, भोसरीजवळच्या एका कारखान्यात, घेतलं तेही एन्ट्री मारायला. दिवसाला शंभर-सव्वाशे खरेदीची बिलं टॅलीत चढवायची आणि संध्याकाळी गठ्ठा बांधून ठेवायचा. दोन वर्षं तेच केलं.

आज तशाच खात्यात मी नव्या मुलामुलींच्या मुलाखतींना बसते. त्यांची फाइल माझ्यासारखीच असते, काम मात्र पहिल्यासारखं राहिलेलं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल ई-इन्व्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. ते क्यूआर कोडसकट येतं, सॉफ्टवेअर ते वाचतं आणि नोंद तयार करून समोर ठेवतं. बँकेचं स्टेटमेंटही तसंच आपोआप आत येतं. मी ज्या कामावर शिकले ते काम नव्या माणसाच्या वाट्याला आता फारसं येतच नाही. माणूस लागतो तो नोंद बरोबर की चूक हे सांगायला, आणि चूक असेल तर पार्टीला, म्हणजे समोरच्या व्यापाऱ्याला, फोन करून ती निस्तरायला. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बी.ए., बी.एस्सी. झालेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण उदाहरणं माझ्या खात्यातली आहेत.

१. सगळ्यात आधी कागद एका नावावर आणा

हे कौशल्यात मोडत नाही, तरी पहिलं लिहिते, कारण नोकरी मिळाल्यावर पहिला खोळंबा इथेच होतो. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी असतं. पॅनवर कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं. मुलींचं लग्न झालं असेल तर चौथंच नाव कुठेतरी लागलेलं असतं. पीएफच्या नोंदणीत नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी तंतोतंत जुळावं लागतं. एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं.

हे कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा:

- दहावी, बारावीची मार्कशीट आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट
- पदवी प्रमाणपत्र. ते हातात आलं नसेल तर तात्पुरतं पासिंग सर्टिफिकेट
- कॉलेज सोडल्याचा दाखला
- आधार आणि आधारशी जोडलेलं पॅन
- बँकेचं पासबुक, त्यावर आयएफएससी दिसेल असं
- नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र

आधारवरचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळवून घ्या आणि मग बाकीचं आधारप्रमाणे करा. उलट क्रमाने गेलात तर एकेक कागद दोनदा दुरुस्त करावा लागेल. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. घरातल्या कुणाच्या तरी बंद पडलेल्या नंबरावर ओटीपी जातो आणि मग नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुट्टी घेऊन आधार केंद्र गाठावं लागतं. डिजीलॉकरवर खातं उघडून जे कागद तिथे मिळतात ते घेऊन ठेवा.

पहिलीच नोकरी असेल तर पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, आता सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून स्वतः काढता येतो. आधी कुठे महिना-दोन महिने काम केलं असेल आणि तेव्हाच यूएएन निघाला असेल तर तोच नव्या ठिकाणी द्या. दोन यूएएन झाले की पैसे दोन खात्यांत अडकतात.

२. बिल वाचायला शिका

टॅलीचा क्लास बिल चढवायला शिकवतो. बिल वाचायला तुम्हालाच शिकावं लागेल, आणि माझ्या मते या अख्ख्या यादीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

घरात किंवा गल्लीतल्या दुकानात दहा जीएसटी बिलं मिळवा. प्रत्येकावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४. पुढची १० अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर एकट्या माणसाचा व्यवसाय, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. बिलावर नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलंय आणि चौथं अक्षर ‘पी’ आहे, तर थांबा, काहीतरी गडबड आहे. हाच क्रमांक जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की रद्द हे कुणालाही दिसतं. लॉगिनसुद्धा लागत नाही.

मग कर बघा. विकणारा सोलापूरचा आणि माल पुण्यात उतरला तर साधारणपणे सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) अर्धा-अर्धा लागतो. तोच माल कर्नाटकातल्या हुबळीहून आला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर. एकच दर, एकच रक्कम, पण चुकीच्या खान्यात कर लावलेला असला की पुढे दोन्ही बाजूंना त्रास होतो.

मी मुलाखतीला आलेल्यांपुढे दहा बिलं ठेवते. त्यांतलं एक दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतं, एकात महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आयजीएसटी लावलेला असतो आणि एकाची बेरीज चुकलेली असते. बहुतेक जण दहाही बिलं झपाझप चढवून मोकळे होतात. मागे सांगोल्याकडची एक मुलगी चौथ्या बिलाशी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हे आपल्या नावावर नाहीये. चढवू का बाजूला ठेवू?” तिचा चढवण्याचा वेग सगळ्यांत कमी होता. आम्ही तिलाच घेतलं.

शेतकरी घरातले असाल तर सराव घरातच आहे. बाजार समितीतून आलेली कांदापट्टी घ्या. गोण्या किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, मोटारभाडं किती, हातात काय आलं. दूध डेअरीची पट्टी घ्या: लिटर, फॅट, दर, उचल वजा. वडिलांना विचारून प्रत्येक वजावट कशाची ते लिहून काढा. एकूण आणि निव्वळ यातला फरक ज्याला पट्टीवर कळला, त्याला कंपनीच्या बिलावरही कळतो.

३. एक्सेल, पण कामापुरतं आणि पक्कं

बायोडेटात सगळेच ‘एक्सेल येतं’ लिहितात. आमच्याकडे रोज लागतं ते एवढंच: सम-इफ्स, व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारी सूत्रं), पिव्होट टेबल (लांब यादीचा गोषवारा), फिल्टर, दुहेरी नोंदी शोधणं आणि ट्रिम वापरून नावापुढची मोकळी जागा काढणं. मॅक्रो वगैरे नंतर शिका.

सूत्रं पाठ करण्यापेक्षा एक्सेल गुपचूप कुठे दगा देतं ते माहीत असणं जास्त गरजेचं आहे:

- व्हीलुकअपमध्ये शेवटी शून्य किंवा फॉल्स टाकायचं राहिलं तर ते जवळपासचं उत्तर आणून देतं. चूक म्हणून काही दिसत नाही, आकडा मात्र भलताच असतो.
- एक्सेल आकड्यातले १५ अंकच जपतं. १६ अंकी बँक खातं आकडा म्हणून टाकलं की शेवटचा अंक शून्य होतो. आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा, मग नंबर टाका. पगाराच्या शीटमध्ये ही चूक झाली तर कुणाचातरी पगार परत येतो.
- ०५/०४ ही तारीख ५ एप्रिल की ४ मे, हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. बँकेची फाइल उघडल्यावर पहिली तपासणी तारखांची.
- काही आकडे दिसायला आकडे असतात, असतात मात्र अक्षरं. बेरीज कमी येते आणि कारण सापडत नाही.

सरावाला स्वतःचं बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या. प्रत्येक ओळीपुढे खर्चाचं नाव लिहा आणि पिव्होट टेबल करून महिन्यावार खर्च काढा. शेवटची शिल्लक पासबुकाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळेपर्यंत उठू नका.

एक्सेल विकत घ्यायला पैसे नसतील तर लिबरऑफिस कॅल्क फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये त्याचे धडे मराठीतही आहेत. इंग्रजी ऐकून समजत असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अकाउंट्स आणि करांचे अभ्यासक्रम बघा, शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. टॅलीप्राइमही ‘एज्युकेशनल मोड’मध्ये फुकट चालतं, त्यात ठरावीक तारखांनाच नोंदी होतात, पण सरावाला तेवढं पुरतं. मी क्लासला १८ हजार भरले होते. आज भरणार नाही.

४. जुळवणीचा सराव

खरं काम इथे आहे. कंपनीच्या खरेदीवर भरलेला जीएसटी परत वजा करून घ्यायचा असेल तर विक्रेत्याने ते बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असावं लागतं. महिना संपला की ११ तारखेपर्यंत विक्रेते जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरतात, १४ तारखेला आपलं २बी (विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) तयार होतं आणि २० तारखेच्या आत ३बी (कर भरायचं रिटर्न) भरायचा असतो. मधल्या सहा दिवसांत आपली खरेदी आणि २बी ओळीला ओळ लावून बघायची.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका विक्रेत्याने आमची तीन महिन्यांची बिलं चुकून दुसऱ्याच क्रमांकावर दाखवली. मी बिलं चढवत होते, पण २बीकडे बघणं हे आपलं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी दर महिन्याला स्वतःहून जुळवणी मागून घेतली आणि तिथून माझं काम बदललं.

न जुळणाऱ्या ओळींची कारणं थोडीच असतात. बिल नंबरात इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य. नंबराच्या शेवटी वर्ष लावलेलं किंवा न लावलेलं. रुपया-दोन रुपयांचा राउंड-ऑफ. विक्रेता तिमाही रिटर्न भरणारा. बिल मार्चचं, त्याने दाखवलं एप्रिलमध्ये. आणि मग खरी अडचण: त्याने बिल दाखवलंच नाही. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायची सवय लावा. ‘नॉट मॅचिंग’ एवढंच लिहून शीट पुढे पाठवणाऱ्याचा उपयोग नसतो.

एक सक्त सूचना. चुकलेली नोंद गुपचूप पुसू किंवा बदलू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली याची नोंद राहणं सक्तीचं आहे. ऑडिटर ते बघतो. चूक झाली तर वरिष्ठांना सांगा आणि उलटी नोंद करून दुरुस्त करा.

५. फोन आणि मेल

मराठी माध्यमातून आलेल्यांना याचीच सगळ्यात जास्त भीती असते, मलाही होती. कोइमतूरच्या पार्टीला फोन करायचा म्हटलं की घशाला कोरड पडायची. मी काय करायचे ते सांगते: फोन करण्याआधी चार ओळी वहीत लिहायच्या. मी कुठून बोलते, कोणतं बिल, काय चुकलंय, कधीपर्यंत दुरुस्त हवं. त्या वाचून दाखवायच्या. पलीकडच्यालाही तुमचं इंग्रजी तपासायचं नसतं, त्याला बिल नंबर हवा असतो. हिंदी चालत असेल तर खुशाल हिंदीत बोला.

फोन ठेवल्यावर लगेच मेल. विषयाच्या ओळीत बिल नंबर आणि तारीख, आत तीन वाक्यं, खाली नाव. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट’ ही शाळेतल्या अर्जाची पद्धत सोडून द्या. रोज एक असा मेल स्वतःलाच पाठवा, तीस दिवस. पैसे मागायचा मेल, माफीचा मेल, आठवण करून देणारा मेल, सगळे प्रकार करा.

६. एआयकडून काम करून घ्या, सही मात्र तुमची आहे हे धरून चाला

चॅटजीपीटी, जेमिनी किंवा तत्सम साधन वापरायला आलंच पाहिजे. सूत्र अडलं, मेल इंग्रजीत नीट करायचा, परिपत्रक सोप्या मराठीत समजून घ्यायचं, याला ते उत्तम आहे. मीही रोज वापरते. पण तीन ठिकाणी नवी मुलं फसतात.

पहिलं, जुने नियम. आयकर कायदा १९६१ च्या जागी येणारा आयकर कायदा २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘असेसमेंट इयर’ची जागा ‘टॅक्स इयर’ने घेतली. एआयने वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या कायद्याचा आहे, त्यामुळे टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) विचारलात की ते जुनं कलम ठामपणे सांगू शकतं. उत्तर मिळाल्यावर आयकर किंवा जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तीच गोष्ट शोधा. सापडली तरच वापरा.

दुसरं, बेरजा. मोठा तक्ता देऊन बेरीज विचारू नका. सूत्र विचारा आणि बेरीज शीटमध्ये करा.

तिसरं सगळ्यात गंभीर. कंपनीचं बँक स्टेटमेंट, कामगारांचे पॅन-आधार, पार्टीचे दर हे फुकटच्या साधनात टाकू नका. कंपनीने परवानगी दिलेलं साधन असेल तर वेगळं. नाहीतर नावं-नंबर काढून खोट्या आकड्यांवर प्रश्न विचारा.

७. नियम बदलला की आधी कारण समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. ५ आणि १८ हे मुख्य दर राहिले, आणि काही मोजक्या वस्तूंना ४०. त्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येक मालाचा एचएसएन (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक) काढून दर बदलावा लागला. त्याआधी निघालेलं बिल कोणत्या दराने, परत आलेल्या मालाचं काय, असे प्रश्न दिवसभर. ज्यांना दर पाठ होते ते गांगरले. ज्यांना एचएसएन म्हणजे काय हे कळत होतं त्यांनी दोन दिवसांत यादी लावली.

आठवड्यातून एक तास ठरवून घ्या. जीएसटी पोर्टलवरच्या सूचना, आयकर खात्याच्या सूचना, आणि वर्तमानपत्रातलं अर्थपान. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘तारीख वाढली’ मेसेजवर कधीही काम थांबवू नका.

८. पहिला अनुभव कुठून मिळवायचा

माझं स्पष्ट मत आहे: पुण्या-मुंबईला खोली घेण्याआधी तालुक्याच्या गावी एखाद्या कर सल्लागाराच्या किंवा सीएच्या ऑफिसात सहा महिने बसा. जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटचा हंगाम असतो, तेव्हा त्यांना माणसं हवीच असतात. पैसे कमी मिळतील. पण किराणा दुकान, पेट्रोल पंप, खतांचा डीलर, पतसंस्था असे दहा तऱ्हेचे हिशेब एका टेबलावर बघायला मिळतील. मोठ्या कंपनीत वर्षभर एकाच प्रकारची बिलं दिसतात.

दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा. पदवीधरांसाठी केंद्राच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर नोंदणी करा; ठरावीक काळ काम, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. राज्याच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त २०२४ पासून पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं आहे, त्याची माहिती ‘महास्वयम्’वर बघा. या दोन्हींत एक गैरसमज असतो: प्रशिक्षण संपलं म्हणजे तिथेच नोकरी पक्की असं नाही. तेवढ्या महिन्यांत कोणती कामं शिकायची याची यादी पहिल्याच दिवशी स्वतः करा, नाहीतर झेरॉक्स काढण्यात दिवस जातील.

९. इथे पाय घसरतो

नोकरी लावून देण्यासाठी नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ‘परत मिळणारं’ डिपॉझिट मागितलं की तिथून निघा.

मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्या ठिकाणी रुजू होऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

कॉमर्सच्या मुलांसाठी एक खास सापळा आहे. ‘तुझ्या नावाने चालू खातं उघड, महिन्याला पाच हजार देतो’ किंवा ‘नोकरीसाठी पॅन, आधार आणि ओटीपी दे’ असं सांगून तुमच्या नावाने जीएसटी नोंदणी काढतात आणि त्यावर बोगस बिलं फिरवतात. नोटीस तुमच्या घरी येते. आपला ओटीपी आणि आपलं खातं कुणालाही वापरायला द्यायचं नाही, ओळखीतल्या माणसालासुद्धा नाही.

थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-जेवण फुकट, अशा जाहिरातींवरून गेलेल्या भारतीय मुलांना म्यानमार आणि कंबोडियात डांबून सायबर फसवणुकीचं काम करायला लावल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

१०. मुलाखत आणि पहिला महिना

मुलाखतीला प्रमाणपत्रांसोबत दोन पानं न्या: तुम्ही केलेली एक बँक जुळवणी, आणि बिलांमधल्या चुका शोधून केलेला एक तक्ता. आकडे स्वतःच्या घरचे किंवा बनवलेले असू द्या, कुणा पार्टीचे नकोत. समोरचा त्यावरच प्रश्न विचारेल आणि तुम्हाला उत्तर येत असेल.

रुजू झाल्यावर एक वही करा. पहिल्या पानावर महिन्याच्या तारखा: ७ टीडीएस भरणं, ११ जीएसटीआर-१, १४ २बी, १५ पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ३बी. पुढच्या पानांवर रोज पडलेले प्रश्न. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ देऊ नका. पहिल्यांदा मात्र निःसंकोच विचारा.

आणि पहिली पगाराची स्लिप आली की ती बिलासारखीच वाचा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी पाऊण टक्का कापली जाते. पीएफ असेल तर १२ टक्के कशावर काढलेत ते बघा. व्यवसाय कर महाराष्ट्रात १०,००० च्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. पण महिलांना २५,००० पर्यंत तो लागत नाही. आमच्याच मजल्यावर एका मुलीचा तो चार महिने कापला जात होता, तिने दाखवून दिल्यावर परत मिळाला. स्लिपवरचा यूएएन आणि उमंगवर दिसणारा यूएएन एकच आहे ना, हेही त्याच दिवशी बघून घ्या.